मॅडमच्या दौऱ्यातला एक तास आम्हाला द्या

प्रति,
राजभवन (आता लोकभवन) सचिवालय, मुंबई,
राजशिष्टाचार विभाग, मंत्रालय,
आणि मराठवाड्यातले आठही जिल्हाधिकारी.

विषय: राज्यपालांच्या पत्नीचा मराठवाडा दौरा आणि त्यातला ‘महिलांचा कार्यक्रम’.

महोदय, महोदया,

राज्यपाल मराठवाड्यात येतात तेव्हा कधी कधी त्यांच्या पत्नीही सोबत असतात. त्या कुठं उतरतील, कुठल्या गाडीत बसतील, दीक्षान्त समारंभात पहिल्या रांगेतली कितवी खुर्ची त्यांची, साहेब बैठकीत असताना दुपारी त्यांना कुठं न्यायचं, हे सगळं तुमच्या टेबलावर ठरतं. म्हणून पत्र तुमच्या नावानं. मॅडमना लिहिलं असतं तरी ते शेवटी तुमच्याच आवक-जावकमध्ये आलं असतं, एवढं मलाही कळतं.

मी उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, एका ग्रामसंघाची सचिव. ग्रामसंघ म्हणजे गावातल्या बचत गटांचा संघ. आमच्या गावात राजभवनातून अजून कुणी आलेलं नाही. पण मंत्र्यांच्या मॅडम आल्या, वरच्या साहेबांच्या मॅडम आल्या, आणि दर वेळी आम्हाला बोलावणं आलं. पाहुणी कोणीही असो, कार्यक्रम तोच. पाहुणी मोठी असली की मंडप मोठा, एवढाच काय तो फरक. तेव्हा राज्यपालांच्या पत्नी आल्या तर काय होईल, ते मला आत्ताच सांगता येतं.

आधी तालुक्याहून फोन येतो. “ताई, पंचवीस महिला लागतील. साड्या एकाच रंगाच्या बघा. स्टॉलला चार गट आणा, पॅकिंग चांगलं असणारेच.” कापूस वेचणी चालू असो की सोयाबीनची काढणी, फोन येतोच. रोज बुडतो तो बुडतोच. मग टेबलांवर पांढरं कापड, त्यावर पापड, शेवया, कुरडया, जवसाची चटणी, गोधड्या. वर फ्लेक्स. फ्लेक्सवर पाहुणीचा फोटो, साहेबांचा फोटो, पालकमंत्र्यांचा फोटो, आणि आमच्या गटाचं नाव खाली कोपऱ्यात. पाहुणी येते, टेबलापाशी थांबते, एक पाकीट उचलते. “हे कशाचं?” “जवसाची चटणी, मॅडम.” “अरे वा.” फोटो. पुढचं टेबल. सोबतचे अधिकारी घड्याळ बघतात, कारण त्यांच्या हातात मिनिट टू मिनिट कार्यक्रमाचा कागद असतो. त्यात आमच्या वाट्याची मिनिटं मोजून लिहिलेली, आणि त्यातली निम्मी औक्षणात आणि ओटीत जातात. चटणी विकत मात्र सहसा कुणी घेत नाही. ती भेट म्हणून गाडीत ठेवली जाते.

औक्षणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथंच माझं डोकं फिरलं होतं. आमच्या ग्रामसंघाची अध्यक्ष बोलायला खमकी. बँकेच्या मॅनेजरसमोर ठाण मांडून तिनं गटांची कर्जं मंजूर करून आणलेली. साहजिकच आरतीचं ताट तिच्या हातात द्यायचं ठरलं. रंगीत तालमीला आलेल्या एका साहेबांनी तिच्या गळ्याकडं पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. “ताई, तेवढं सुवासिनीचं बघा ना. उगं वरून बोलणं नको.” तिचा नवरा कर्जापायी गेला, त्याला बरीच वर्षं झाली. तिनं ते ऐकलं. म्हणाली, “जाऊ द्या ना बाई, मी खुर्च्या बघते.” कार्यक्रम उरकेपर्यंत ती मंडपाच्या मागं पाण्याच्या जारपाशी होती. जिच्याशी खरं बोलायला पाहिजे होतं ती बाई दहा पावलांवर उभी आहे, हे पाहुणीला कळलंसुद्धा नाही. तिची काही चूक नाही. तिला कळू नये अशीच सगळी मांडणी होती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवांच्या वाट्याला येणाऱ्या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढलं की बाकीच्या ग्रामपंचायतींनीही असंच करावं. ते परिपत्रक तुमच्याच कार्यालयांतून खाली आलं. मराठवाड्यात गेली काही वर्षं सरकारी नोंदीप्रमाणेच वर्षाला आठशेच्या वर शेतकरी आत्महत्या होतायत. त्यांच्या मागं राहिलेल्या कितीतरी जणी आज बचत गटांत आहेत, हप्ते भरतायत, लेकरं शिकवतायत. त्यांना मंडपामागं ठेवायचं, पुढं सुवासिनींची रांग लावायची, आणि वर त्याला महिलांचा कार्यक्रम म्हणायचं?

आता मॅडमबद्दल. राज्यघटनेत 153 पासून पुढं राज्यपालांची कलमं आहेत. नेमणूक कोण करणार, मुदत किती, शपथ कोणती, घर बिनभाड्याचं, सगळं लिहिलंय. पत्नीबद्दल अक्षर नाही. 1982 च्या वेतन-भत्त्यांच्या कायद्यात कुटुंब येतं ते राहण्याच्या आणि औषधपाण्याच्या सोयीपुरतं. राज्यपालांना पगार महिन्याला साडेतीन लाख. पत्नीला पद नाही, पगार नाही, अधिकार नाही, जबाबदारीही नाही. तरी उद्घाटनाला फीत कापायला, शाळेत बक्षीस द्यायला, दवाखान्यात फळं वाटायला तिनं उभं राहायचंच, असं सगळे धरून चालतात.

ऊसतोडीला जाणारी माणसं ज्यानं जवळून पाहिलीत, त्याला एक हिशेब ठाऊक असतो. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांनी तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. व्यवहार नवऱ्याशी, पैसा नवऱ्याच्या हातात, आणि बाई आजारी पडून खाडा झाला तर कपात दोघांच्या हिशेबातून. राजभवनातली जोडी मला तशीच वाटते. नेमणूक एकाची, जातात दोघं. ही तुलना कुणाला खटकेल. मॅडमच्या पायात पाचट रुतत नाही, पोटुशी असताना मोळी वाहावी लागत नाही, मान्य. आणखी एक फरक आहे. राजभवनात अर्ध्या कोयत्यावरही काम भागतं. भगतसिंह कोश्यारी 2019 ते 2023 राज्यपाल होते आणि ते अविवाहित. मॅडम नव्हत्या म्हणून त्या काळात राजभवनाचं काही अडल्याचं कुणी सांगत नाही.

म्हणजे ही अशी जागा आहे की रिकामी राहिली तरी चालते. मला तीच तिची ताकद वाटते. ताफ्यातला बाकी प्रत्येक माणूस कामावर असतो. कुणाला अहवाल द्यायचाय, कुणाला सही घ्यायचीय, कुणाला पुढच्या बदलीची काळजी. काहीही सिद्ध करायचं नसलेली एकच व्यक्ती त्या गाड्यांत असते, आणि तिलाच तुम्ही पापडाच्या टेबलापाशी उभी करता.

त्यांचं जगणं काही सोपं असेल असंही मला वाटत नाही. मलबार हिलवर समुद्र आहे, झाडी आहे, मोर आहेत. पण राज्यपाल सहसा बाहेरच्या राज्यातला असतो. रमेश बैस छत्तीसगडचे, सी. पी. राधाकृष्णन तमिळनाडूचे. साठी-सत्तरीच्या वयात आपलं गाव, शेजार, देव्हारा, लेकी-सुना सोडून परक्या भाषेत यायचं. मुदत म्हणायला पाच वर्षं, पण ती राष्ट्रपतींच्या मर्जीवर. बदलीची बातमी कधी येईल सांगता येत नाही. मंडईत जाऊन स्वतःच्या हातानं भाजी निवडता येत नसणार. सी. विद्यासागर राव करीमनगरकडचे, म्हणजे आमच्याच जुन्या निजामी मुलखातले. ते 2014 ते 2019 इथं होते. त्यांच्या घरच्यांना तरी आमची बोली थोडी कानाच्या ओळखीची वाटली असावी, असं मला आपलं वाटतं. आणि हे आमच्याही घरांत घडलंय. चाकूरचे शिवराज पाटील पंजाबचे राज्यपाल होते, फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे 2024 पासून राजस्थानात आहेत. पंजाबातल्या, राजस्थानातल्या बायकांनीही अशीच टेबलं मांडली असतील.

महाराष्ट्रात राजभवनं चार. मुंबई, पुणे, नागपूर, महाबळेश्वर. मराठवाड्यात एकही नाही. आमच्याकडं पाहुणे उतरतात ते छत्रपती संभाजीनगरच्या सुभेदारी विश्रामगृहात. नाव अगदी बरोबर आहे. आमच्या वाट्याला गव्हर्नर नव्हताच, निजामाचा सुभेदार होता. पोलीस ॲक्शननंतर गव्हर्नर आला तो लष्करी, मेजर जनरल चौधरी. नंतर 1956 पर्यंत निजामच राजप्रमुख. इंग्रजी मुलखात निदान व्हाइसरॉयच्या, गव्हर्नरच्या बायकांनी काही कामं हाती घेतली. लेडी डफरिननं 1885 मध्ये हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून निधी उभा केला, त्यातून दवाखाने निघाले. साम्राज्याचं कौतुक करायचं मला काही कारण नाही. त्या बाईनं काम एक धरलं आणि ते मोजता येईल असं केलं, एवढंच म्हणायचंय.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, मॅडमना अधिकार द्यायचे? अजिबात नाही. हे आमच्याइतकं कुणाला कळणार नाही. 2011 पासून राज्यात पंचायतींत बायकांना निम्म्या जागा आहेत आणि तेव्हापासून आम्ही सरपंचपती बघतोय. बाई निवडून येते, शिक्का नवऱ्याच्या खिशात. ग्रामसभेत ती खुर्चीवर बसते आणि मागून नवरा बोलतो. मी स्वतः एका सरपंचबाईंना फोन केला तर पलीकडून “बोला, सरपंच बोलतोय” असा पुरुषी आवाज आलाय. निवडून न आलेल्या, नेमणूक नसलेल्या माणसानं घरातल्या नात्यावर कारभार हाकायचा, हे गावात वाईट तर राजभवनात चांगलं कसं होईल? जेवणाच्या ताटावर साहेबांच्या कानात कुजबुज झाली आणि कुणाचं काम झालं, असलं काही आम्हाला नको. ते ज्यांना पाहिजे ते आधीच रांगेत उभे असतात.

जाता जाता एक. राज्यपाल बाई असती तर? प्रतिभाताई पाटील 2004 ते 2007 राजस्थानच्या राज्यपाल होत्या. त्यांचे पती देवीसिंह शेखावत अमरावतीचे महापौर राहिलेले, आमदार राहिलेले. त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं असेल, किंवा त्यांच्या हातात कुरडयांचं पाकीट देऊन फोटो काढला असेल, असं मला काही वाटत नाही. नवऱ्याला काय दाखवायचं याचा तुम्ही दोनदा विचार केला असता. तेवढाच विचार बायकोसाठी करा, इतकं साधं मागणं आहे.

आमचं म्हणणं असं, की दौऱ्यातला एक तास द्या. वेरूळ दाखवा, घृष्णेश्वर, औंढा, परळी, तिन्ही ज्योतिर्लिंगं दाखवा, तुळजापूरला नांदेडला न्या, त्यात आमची काही आडकाठी नाही. पण एक तास एका गटाच्या नेहमीच्या बैठकीत बसवा. नेहमीच्या म्हणजे खरोखर नेहमीच्या. समाजमंदिरात सतरंजी, गोल बसलेल्या बाया, मधे रजिस्टर आणि पैशाची पेटी. आधी बचत गोळा होते, मग कुणाचा हप्ता थकला ते निघतं, मग कर्जाची मागणी. मॅडमनी फक्त ती मागणी ऐकावी. एकीला बियाण्याला पाहिजेत. एकीला सासऱ्याच्या डायलिसिसला. एकीला पोरीच्या लग्नाला, आणि पोर किती वर्षांची विचारलं की सगळ्या जणी रजिस्टरकडं बघायला लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यात विशीतल्या जवळजवळ निम्म्या बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. तो आकडा तुमच्या फायलीत आहे. बाया रजिस्टरकडं कशा बघतात, ते फायलीत नाही.

बीड-धाराशिवकडं न्यायचं असेल तर दसऱ्याच्या सुमाराला न्या. त्यानंतर वस्त्या रिकाम्या होतात, दाराला कुलूप आणि ओसरीत म्हातारी माणसं. गाड्या निघायच्या आधी बायांशी बोलता येतं. 2019 मध्ये शासनाच्या समितीनं बीडमध्ये 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यावर तेव्हा बरंच बोललं गेलं. आता त्या बाया कशा आहेत, कंबर कशी आहे, हाडं कशी आहेत, हे विचारायला गाडी घेऊन कुणी जात नाही. विचारायला पद लागत नाही. बाईनं बाईला विचारायचं असतं, आणि ते मंडपात, माईकवर विचारता येत नाही.

त्या तासाला अधिकारी बाहेर बसावेत. राग मानू नका, बाहेर चहा पाठवू. पण तालुक्याचे साहेब समोर असले की आमच्या बाया “सगळं व्यवस्थित आहे” याशिवाय एक वाक्य बोलत नाहीत. पुढच्या महिन्यात त्याच साहेबांपुढं फाइल असते ना. दुभाषी लागलाच तर खात्याचा नको. गावातली कॉलेजात जाणारी पोरगी हिंदी-इंग्रजी बोलते, तिला बसवा. पाहुणी तेलुगू बोलणारी असेल तर नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडं दुभाषाचीही गरज नाही. सुरक्षेचं म्हणाल तर पोलिसांनी सकाळीच येऊन समाजमंदिर हवं तितकं तपासावं, किल्ली आमच्याकडंच असते.

ओटी, औक्षण, पैठणीचा सत्कार, हे काही ठेवू नका. ठेवायचंच असेल तर कुणी औक्षण करायचं ते ग्रामसंघ ठरवेल आणि त्यात वरून कुणी बोट घालायचं नाही. पैठणी आवडली तर पैठणला जाऊन पैसे देऊन घेऊ द्या. विणणाऱ्याला सत्कारापेक्षा गिऱ्हाईक बरं.

आणि शेवटी कागद. मॅडमनी जे ऐकलं ते एका पानावर, त्यांच्या सहीनं, राज्यपालांच्या कार्यालयाकडं जावं. एक प्रत आमच्या ग्रामसंघाला यावी आणि तेच पान राजभवनाच्या संकेतस्थळावर लागावं. म्हणजे कानगोष्ट राहणार नाही. कुणालाही वाचता येईल, कुणालाही खोडून काढता येईल. बायांची नावं त्यात नकोत, गावाचंही नको. फक्त ऐकलं काय ते.

हे पान राज्यपालांकडंच का, असं कुणी विचारेल. मुंबई-पुण्याच्या माणसाला राज्यपाल म्हणजे शपथविधी आणि ध्वजवंदन. मराठवाड्यात तसं नाही. घटनेच्या 371(2) कलमानं विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकासाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते, आणि त्याच आधारावर 1994 मध्ये आपलं वैधानिक विकास मंडळ झालं. त्याआधी दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागं राहिला ते, मोजला होता, नंतर केळकर समिती बसली. निधी कुठल्या भागाला किती, याचे निर्देश राज्यपालांनी दिलेत. मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. पुन्हा स्थापायचा निर्णय मंत्रिमंडळानं 2022 मध्ये घेतला. ते काहीही असो, अनुशेष नेहमी सिंचनाचा, रस्त्यांचा, वीजपंपांचा मोजला जातो. पिशवी काढलेल्या बाईचा, पंधराव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या पोरीचा अनुशेष कोणत्या रकान्यात धरतात, ते मला कुठल्याही अहवालात सापडलेलं नाही. त्या एका पानात निदान त्याची सुरुवात होईल.

हा मजकूर आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवला. एका बाईनं विचारलं, “मॅडमनाच हे नको असलं तर?” तर मग आमचं काही म्हणणं नाही. त्यांनी विश्रामगृहात आराम करावा, वाचत बसावं, देवदर्शन करावं. कायद्यानं त्यांच्यावर काही बंधन नाही आणि आम्हीही घालत नाही. पण मग आमच्या पंचवीस बायांना एका रंगाच्या साड्या नेसवून उन्हात उभं करायचा फोन तालुक्याहून येऊ नये.

बैठक दर महिन्याला ठरलेल्या तारखेला होते आणि ती आम्ही कुणासाठी पुढं-मागं करत नाही. दौराच तिच्याभोवती बसवता आला तर बघा. उत्तर लेखी पाठवा. फोनवर सांगितलेलं ठरावाला जोडता येत नाही.

आपली,
एका ग्रामसंघाची सचिव,
मराठवाडा